मुंगीची मिशी

४ जून

लेखकमहाशय,

‘प्रिय’ हा शब्द आज लिहवत नाही, म्हणून गाळला आहे.

आपलं पाचवं पुस्तक काल माझ्या दवाखान्यात आलं, ते एका पेशंटच्या काखेतून. निवृत्त स्टेशनमास्तर, खालची दाढ काढायची होती. भुलीची सुई घेऊन मी वाकलो, तर अंग चोरून म्हणाले, “डॉक्टर, दाढेत काही ठेवणार तर नाही ना?” मला वाटलं घाबरलेत. मग त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं.

शत्रूचा मुख्य हेर, टोपणनाव ‘बगळा’. धंद्यानं दंतवैद्य. उंच, मान लांब, पांढरा कोट, पेशंटवर वाकताना एक पाय उचलून उभा राहतो. मंत्र्यांच्या दाढा भरताना आत बिनतारी यंत्र बसवतो. आणि दाढ उपटायच्या आधी म्हणतो, “झालंच हं, झालंच!” हे वाक्य माझं आहे. दवाखाना काढल्या दिवसापासून मी ते रोज म्हणत आलोय, आणि त्यात देशद्रोहाचा उद्देश कधीच नव्हता.

नावाचं मूळही आपल्याला ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत माझी मान चौकटीबाहेर गेली म्हणून एका आगाऊ कार्ट्यानं मला बगळा म्हटलं, आणि सगळ्या सासुरवाडीनं ते उचलून धरलं. ते कार्टं आता पुस्तकं लिहितं. सासुरवाडीची चेष्टा मी जावई म्हणून सोसली. ती छापून गावभर वाटायचं काय कारण? आपल्या नायकाचं नाव मात्र काय, तर मुंगी! पिळदार मिशीचा, बंद दारांतून शिरणारा, मरणाला हुलकावणी देणारा, त्याला हे साजूक नाव, आणि मला बगळा!

दुसऱ्या आवृत्तीत नाव बदला. घुबड करा, कोल्हा करा. तोपर्यंत या घराची पायरी चढू नये.

आपला (तूर्त) मेहुणा

ता. क. छोट्या, ह्यांचं मनावर घेऊ नकोस. काल तेच पुस्तक उशाशी घेऊन झोपले. मला एक विचारायचं होतं. छापखान्यातला कंपोझिटर म्हणत होता की पुढच्या पुस्तकात तू मुंगीला मारणार आहेस. खरं का? मारू नकोस. — ताई


१० जून

भावोजी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण तुमच्या पायाशी आडवं पडायची ही वेळ नव्हे, म्हणून उभ्या उभ्याच करतो.

खाई त्याला खवखवे. जगात उंच दंतवैद्य काय थोडे आहेत? त्यातला एकच ओरडत उठला, यावरून वाचकांनी काय समजायचं?

आता खरं सांगतो. हेरकथेत नाव म्हणजे निम्मा जीव. मनानं रचलेलं नाव तुमच्या कवळीसारखं असतं, दिसायला सुरेख, पण चावायला गेलं की हलतं. म्हणून मी नावं घरातूनच उचलतो. खात्याचे प्रमुख ‘घड्याळ’ म्हणजे आपले बाबा, हे तुम्हीही ओळखलंत. सीमेपलीकडच्या खानावळीची मालकीण ‘घार’ म्हणजे धाकटी मावशी. ती तर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटली आहे की ती माणसं विष घालून मारते. एरवी माझी एक पद्धत असते. नाव एकाचं, नाकडोळे दुसऱ्याचे, पाप तिसऱ्याचं. म्हणजे कोर्टात जायचं झालं तर कुणी एकट्यानं जाऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आळस केला. मान, कोट, पाय, सगळं एकाच दुकानातून घेतलं.

दुसरी आवृत्ती छापून बाहेर पडली आहे, तेव्हा बगळा उडाला. आता हाती येणार नाही.

ताईला सांगा, तिनं काढलेल्या चुका पोचल्या. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. छापखाना तुमच्या गल्लीत आहे, आणि तो कंपोझिटर ताईच्या हातची सुवाच्य प्रत असल्याशिवाय खिळ्याला हात लावत नाही, म्हणून माझं चाललंय. पुढचं पुस्तकही नेहमीप्रमाणे तीच उतरवून देईल आणि नेहमीप्रमाणे प्रुफंही बघेल. तिच्या बाकीच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातच मिळेल.

पायरी न चढलेला,
छोटा


२ जुलै

प्रिय छोट्या,

मागच्या पत्रात थोडा चढा सूर लागला असेल. रक्तदाब.

परिस्थिती बदलली आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझ्या बाकावर सध्या बसायला जागा नसते. काल एक बाई दोन गाड्या बदलून आल्या. बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत! म्हटलं, काय होतंय? म्हणाल्या, “काही नाही, फक्त एकदा झालंच हं म्हणा.” म्हटलं. त्या समाधानानं गेल्या. समोरच्या औषधाच्या दुकानदारानं तर मला विचारलं, सरकारवर तुमचा नेमका कशासाठी राग आहे? मी नुसता हसलो. नाही म्हणणं आता बरं दिसत नाही.

तेव्हा नाव राहू दे. मात्र चुका सुधार. वरच्या दाढेला तीन मुळं असतात, तू दोनच दिली आहेस. बगळा शत्रूचा असला तरी धंद्यातला आहे, त्याला एवढं नक्की कळतं. आणि त्याची सुई बोथट दाखवलीस. मी बोथट सुई वापरत नाही. पायरी चढायला हरकत नाही.

तुझा भावोजी

ता. क. साप्ताहिकातली तुझी मुलाखत वाचली. मुंगी म्हणजे तुला एका स्टेशनच्या प्रतीक्षालयात भेटलेला कुणी मिशाळ गुप्त अधिकारी, ज्याचं नाव सांगायची तुला बंदी आहे म्हणे. कुठलं स्टेशन रे? ह्यांनी मुलाखत अजून पाहिली नाही, पाहिली की तुला कळेलच. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. — ताई


९ जुलै

भावोजी,

तिसरं मूळ देतो. सुईला धारही लावतो. सुई तुमच्या हातात आणि माझा जबडा कधीतरी तुमच्याच खुर्चीत येणार, तेव्हा शहाणपण यातच आहे.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. मी मुंगीला मारतोय. कंटाळलो. रस्त्यात लोक थांबवून विचारतात, “मुंगी कशी आहे?” मी कसा आहे हे कुणी विचारत नाही. परवा सत्कार होता. व्यासपीठावर माझ्या मागे मुंगीचं एवढं मोठं चित्र लावलं होतं, की माझं डोकं तिच्या मिशीच्या बरोबर मधोमध येत होतं. मुंगीला पंख फुटलेत भावोजी, आणि पंख फुटले की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मला आता गंभीर पुस्तक लिहायचंय. एक माणूस खिडकीपाशी बसलेला आहे. सबंध पुस्तकभर तो उठत नाही. प्रकाशक म्हणाले, खिडकी छापतो, पण आधी मुंगीचं शेवटचं पुस्तक धूमधडाक्यात द्या. तर ठरवलंय असं, की मुंगी शेवटी बगळ्याच्याच खुर्चीत मरणार. तुमच्या हातून. त्यासाठी तुमची तज्ज्ञ मदत हवी. खुर्चीतल्या माणसाला उठता येऊ नये असं नेमकं काय करता येतं?

ताईला म्हणावं, स्टेशन गुप्त आहे.

छोटा


२१ जुलै

लेखकमहाशय,

पुन्हा ‘प्रिय’ गाळला आहे.

मुलाखत वाचली. “बगळा हे पात्र सर्वस्वी काल्पनिक आहे.” सर्वस्वी! मग माझी मान काय काल्पनिक आहे? माझा पाय मी हवेत काल्पनिक उचलतो? काल त्या स्टेशनमास्तरांनी खुर्चीतून माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना फसवलं. कालपर्यंत मी बगळा होतो, आज नुसता दातांचा डॉक्टर झालो. उचलली जीभ लावली टाळ्याला! खुलासा छापा. “काही अंशी” एवढं लिहिलं तरी चालेल.

राहिली गोष्ट खुर्चीची. हा राग वेगळा आणि शास्त्र वेगळं, म्हणून सांगतो. खुर्ची पायाच्या पट्टीनं मागे झुकवायची. डोकं खाली आणि पाय वर गेले की माणूस मनानं तिथेच हरतो. मग छोटा आरसा तोंडात घालायचा, म्हणजे ओरडता येत नाही. सुई उजव्या हातानं, बाजूनं आणायची, समोरून नाही. समोरून आणली तर पेशंट मनगट धरतो, आणि मनगट वळलं की सुई आपल्याच हातात घुसते. नवशिक्यांचं नेहमी असंच होतं.

खात्री करायला मी रविवारी तालीम घेतली. मी खुर्चीत बसलो आणि तुझ्या बहिणीला डॉक्टर केलं, मग उलट. तिनं सगळं एका दमात उचललं. मनगट तर असं वळवलं की माझं अजून दुखतंय.

आपला,
सर्वस्वी काल्पनिक

ता. क. छोट्या, मुंगीला मारायची तालीम ह्यांनी माझ्याकडूनच करून घेतली. आधी हसू आलं, मग आलं नाही.

बाबांच्या घरी जिन्याची तिसरी पायरी वाजायची. ती चुकवून वर जाणारी कोण होती? नुसत्या आवाजावरून बाबांनी किल्ली कुठे ठेवली ते सांगणारी, पाहुण्यांचे बूट बघून ते कुठल्या रस्त्यानं आले ते ओळखणारी कोण होती? तुलाही मी शिकवत होते. तू दर वेळी तिसऱ्या पायरीवरच पाय द्यायचास आणि मग दोघांनाही बोलणी बसायची. बाबा मला मुंगी म्हणायचे. तिला मिशी नव्हती.

बाबा गेल्यावर मला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. इथे मी वहिनी, काकू, डॉक्टरीणबाई. तुझ्या पुस्तकाची प्रत करायला बसते तेव्हा पानोपानी कुणीतरी ‘मुंगी’ म्हणून हाक मारतं. मला तेवढंच ऐकू येतं. म्हणून म्हणते, मारू नकोस. — ताई


३० जुलै

भावोजी,

‘काही अंशी’ छापायला दिलंय. मनगटाला शेक द्या.

ताईचा ता. क. वाचला. तुमच्या पत्रापेक्षा त्याचं शेपूट लांब होत चाललंय. आता तिला समजावून सांगायचं काम तुमच्यावर. हो, नाव तिचं. हाताशी होतं, घेतलं. पण नाव ही नुसती खुंटी असते, तिच्यावरचा कोट माझा आहे. आणि जिना चुकवून वर जाणं वेगळं, शत्रूच्या गोटात शिरणं वेगळं. उद्या मी जाहीर सांगितलं की एवढा मोठा हेर माझ्या बहिणीवरून सुचला, तर लोक पुस्तक मिटून हसत सुटतील. म्हणून मिशी लावली, म्हणून स्टेशन बांधलं. वाचकाला खोटं लागतं भावोजी, फक्त ते खरं वाटावं लागतं.

आणि कागदावरचं मरण ते, त्याला एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

सोबत शेवटचं प्रकरण पाठवतोय. नेहमीप्रमाणे ताईनं सुवाच्य प्रत करावी, नेहमीप्रमाणे छापखान्यात द्यावी, नेहमीप्रमाणे प्रुफं बघावीत. ऱ्हस्व-दीर्घ सोडून कशाला हात लावू नये. मला काहीही परत पाठवायची गरज नाही. मी खिडकीपाशी बसलोय.

छोटा


१४ ऑगस्ट

प्रिय छोट्या,

प्रकरण वाचलं. अप्रतिम! मुंगी माझ्या खुर्चीत, माझ्या सुईनं! “झालंच हं” हे पुस्तकातलं शेवटचं वाक्य! डोळ्यात पाणी आलं. मुंगीसाठी नाही, सुईसाठी. आता कुणी मला काल्पनिक म्हणून दाखवावं.

तुझी बहीण प्रत करत बसली आहे. मी भीत भीत तिला खुंटी आणि कोट समजावून सांगितलं. वाटलं चिडेल. “बरं” म्हणाली आणि शाईची नवी बाटली मागवली.

बगळा

ता. क. पोचलं. ऱ्हस्व-दीर्घ बरेच आहेत. — ताई


३ नोव्हेंबर

भावोजी,

नमस्कार राहू दे.

पुस्तक आज हातात पडलं. शेवटचं प्रकरण मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसलो. हे मी लिहिलेलं नाही!

माझी मुंगी मरते. इथे छापलंय ते असं. बगळा सुई घेऊन समोरून येतो. समोरून! मुंगी त्याचं मनगट वळवते, सुई बगळ्याच्याच अंगठ्यात घुसते आणि तो आपल्याच खुर्चीत आडवा होतो. मुंगी त्याच्या कानाशी म्हणते, “झालंच हं, झालंच!” मग आरशासमोर उभी राहून ती मिशी सोडवते, हो, सोडवते, आणि तुमच्या त्या हत्यारांच्या ताटलीत चिमट्याशेजारी ठेवते. आरशात एक बाई असते, कानाजवळ केस पांढरे झालेली. आणि शेवटचं वाक्य : “ती जिना उतरून गेली तेव्हा तिसरी पायरी वाजली नाही.”

हा उपद्व्याप कुणाचा? कंपोझिटर प्यायला होता, की प्रकाशकांनी परस्पर कुणाकडून लिहून घेतलं? की तुम्हालाच अचानक बगळ्याचा पश्चात्ताप झाला? प्रकाशकांची तार आली : “मुंगी जिवंत, खिडकी रद्द.” आणि ते साप्ताहिकवाले लिहितात, “लेखकानं सहा पुस्तकं हे गुपित पोटात ठेवलं. काय हा संयम!” मी कसला संयम ठेवणार? मलाच आज कळलं!

ताबडतोब उत्तर पाठवा.

छोटा


३ नोव्हेंबर

अहो लेखक,

तुम्ही मला मारलंत! माझ्या खुर्चीत, माझ्या सुईनं, माझंच वाक्य माझ्या कानात म्हणून! मी तुम्हाला बजावून सांगितलं होतं की सुई समोरून आणायची नाही. नवशिक्याची चूक बगळ्याच्या हातून? आणि तीही एका बाईपुढे! ऑगस्टमध्ये मला एक प्रकरण वाचायला देता आणि छापता दुसरंच. विश्वासघात म्हणतात याला. हात दाखवून अवलक्षण केलं मी.

बाकावर आज लोक आहेत, पण माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मीच भूल चढून आत पडलोय. स्टेशनमास्तर चक्क फुलं घेऊन आले होते.

तुझ्या बहिणीला वाचून दाखवलं. म्हणाली, “पुन्हा वाचा.” तिला काय, ती हसते आहे. सकाळपासून हसते आहे. मला कळेना एवढं काय हसण्यासारखं आहे.

मेलेला,
बगळा


९ नोव्हेंबर

छोट्या,

तुमची दोघांची पत्रं एकाच दिवशी निघाली आणि वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तू ह्यांच्यावर ओरडलास, हे तुझ्यावर ओरडले. कंपोझिटर गरीब बिचारा, त्यालाही बोललास. घरात मी एक आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मुंगीला पकडायला निघालेल्या माणसांचं तुझ्या सगळ्या पुस्तकांत असंच होतं, तेवढं तू बरोबर लिहिलंयस.

मी केलं. चोरून काही केलं नाही, कुलूप उघडलं नाही. तूच सगळं हातात आणून दिलंस, नेहमीप्रमाणे. कंपोझिटर माझं अक्षर बघतो, तुझं त्यानं कधी पाहिलेलं नाही. पहिल्या पुस्तकापासून छापलेला प्रत्येक शब्द आधी माझ्या हातातून गेलाय, आणि पुस्तकात माझं नाव कुठेही नाही, शेवटी बारीक अक्षरात आभार मानतात तिथेही नाही. तिथे तू कागदवाल्याचे मानले आहेस. मी कधी काही बोलले नाही, कारण आत मुंगी होती. मला वाटायचं, एवढं पुरे.

मग तू मला दोनदा मारलंस. एकदा स्टेशनवर, तो मिशाळ माणूस उभा करून, आणि मग खुर्चीत. पहिलं मी गिळलं. दुसऱ्याला माझ्याच अक्षरात उतरवून काढ म्हणालास. तुझं ते प्रकरण मी प्रामाणिकपणे अर्ध्यापर्यंत उतरवलं रे. मुंगी खुर्चीत मागे झुकते, पाय वर जातात, तिथपर्यंत. पुढे हातच चालेना. माझं मरण मी सुवाच्य कसं लिहू?

तुला राग आला असेल तर येऊ दे. मलाही आला होता, फार दिवस. तू म्हणालास, नाव म्हणजे खुंटी आणि कोट तुझा. मग कोट घे की काढून आणि दुसऱ्या खुंटीवर अडकव. तुझ्या खिडकीतल्या माणसाला घाल. बघू, किती जण विचारतात तो कसा आहे ते.

मला आभार नकोत, मुलाखत नको. एकच दे. पत्र लिहिशील तर माझ्या नावानं लिही. ह्यांच्या पत्राच्या शेपटाला बांधून मला निरोप धाडू नकोस. आणि वरती ताई लिहू नकोस. ताई म्हणून हाक मारणारे मला आहेत.

ह्यांना म्हणावं, नीट वाचा. बगळा मेला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आडवा झाला, एवढंच लिहिलंय. त्याच्या नाकाशी आरसा धरला तर धूसर होईल. नवरा आहे तो, मी कसा मारीन?

तुझीच

ता. क. आता नीट वाचलं. श्वास चालू आहे. भूल तासाभरात उतरेल, तेवढ्या वेळात तिनं फार लांब जाऊ नये. हिचं हे पत्र मी वाचून ठेवून दिलं आणि दोन दिवस हिला हाक मारताना अडखळतोय. — बगळा


२० नोव्हेंबर

प्रिय मुंगी,

हे दोन शब्द लिहिताना, बाबा खालून ओरडायचे, “मुंगे, छोट्याला घेऊन खाली ये,” तेच ऐकू येत होतं. मी ती पायरी वाजवली की माझ्या वाटची बोलणीही तू खायचीस, हेही आठवलं. मला लाज वाटली.

त्या साप्ताहिकवाल्याला स्वतःहून बोलावलं. सांगितलं, ते स्टेशन खोटं. खरी मुंगी म्हणजे माझी बहीण. दंतवैद्याची बायको आहे, माझी प्रुफं बघते, आणि या पुस्तकाचा शेवट तिचा आहे. त्यानं पेन्सिल खाली ठेवली, पोट धरून हसला आणि म्हणाला, “छान! आता खरं सांगा.” मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला. परवा छापून आलंय, त्यात पुन्हा स्टेशन आहे. या खेपेला मिशी आणखी मोठी आहे.

अर्पणपत्रिका आता कुणी काही म्हणो, तुझ्या नावानं जाईल. पण प्रकाशक सातवं पुस्तक मागतायत, आणि आरशातल्या त्या बाईचं पुढे काय होतं ते मला सुचत नाही. खरं सांगायचं तर मला ते माहीतच नाही. तुला माहीत असेल का?

छोटा


२४ नोव्हेंबर

छोट्या,

दोन प्रकरणं लिहून झाली आहेत. सुवाच्य प्रत तू कर.

मुंगी